रायमोह्याच्या पुढं

दिंडीत पहिल्या दिवशी मला सगळ्यांनीच विचारलं, दुसऱ्या दिवसापासून कुणी विचारलं नाही. "तुम्ही ते चर्चवाले ना? मग वारीत कशा?" मी सांगायचे, काकूंच्या सोबतीला आलेय. खरंही तेच होतं. शेजारच्या काकू माळकरी. त्यांचा गुडघा धरतो, पोरगा पुण्याला. एकटीला जाऊ देणार नाही म्हणून सूनबाई अडून बसलेली. मी म्हटलं, पाटोद्यापर्यंत जाते, तिथून एसटीनं परत येईन. गिरणी तेवढे दिवस पुतण्या बघेल.

आमची आळी गंगापूर तालुक्यातली, निम्मी कॅथलिक. फ्रेंच फादर घोड्यावरून वस्त्यांवर यायचे, त्या काळापासून घरात जपमाळ आहे. आजोबा मास्तर होते. शाळेचे नव्हेत, मिशनचे. आठवडाभर स्वतःची शेती करायची आणि रविवारी पायी वाड्यांवर जाऊन प्रार्थना घ्यायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं. कुणी मयत झालं तर खड्डा खणायलाही हेच. पगार म्हणजे नावालाच. आजी चिडायची, "लोकाच्या रानातलं तण दिसतं, घरचं दिसत नाही." तरी फादर आले की तीच कोंबडी कापायची.

पैठण सोडलं तेव्हा ऊन असं की नाथसागराची भिंत पांढरी दिसत होती. चनकवाडी, हदगाव, लाडजळगाव ही गावं माझ्या डोक्यात एकात एक मिसळलीत. एका मुक्कामी कीर्तनात महाराजांनी एकनाथांची ती गोष्ट घेतली. भर दुपारी नाथ गोदावरीवर स्नानाला निघालेत, तापलेल्या वाळूत महाराचं लेकरू रडतंय. नाथ त्याला उचलतात, त्याचं नाक पुसतात आणि कडेवर घेऊन घरी पोचवतात. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट, तरी मंडपात बायका डोळे पुसत होत्या. मला आपला बायबलातला शोमरोनी आठवत राहिला. वाटेत लुटलेला माणूस अर्धमेला पडलाय, याजक बघून पलीकडून जातो, देवळाचा सेवक लेवीही जातो, आणि थांबतो तो परजातीचा. त्याला खोगिरावर घालून उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याच्याजवळ राहतो. सकाळी शाळेवाल्याच्या हातावर पैसे ठेवतो, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. नाथही लेकरू आईच्या हवाली करून आपल्या वाटेला लागले असतील. दोघांपैकी कुणी आश्रम काढला नाही, मला हे फार आवडतं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "झोप आता. तीनला उठायचंय."

तीनला उठायचं कारण भक्ती नाही. उजाडायच्या आत बायकांना रानात जाऊन यावं लागतं. यावर कीर्तनात कुणी बोलत नाही.

आणि ती वाटपं! ट्रकवरून बिस्किटाचे पुडे फेकायचे, खाली म्हाताऱ्यांनी झेलायचे. केळं हातात देताना आधी फोटो, मग केळं. एका फाट्यावर तर पाण्याच्या बाटलीवरही साहेबांचा चेहरा छापलेला. मी ती घेतली नाही. काकूंनी दोन घेतल्या, एक माझ्या वाटची.

रायमोहा सोडून पुढं चढ लागला तेव्हा माझ्या डाव्या टाचेचा फोड फुटला आणि उजव्या चवड्याला नवीन उठला. पायात नवे बूट होते. बूट नको, जुनी चप्पल घाल, हे काकू घरीच म्हणाल्या होत्या, ते त्या अजूनही म्हणत होत्या. पावसानं ओढ दिलेली. बालाघाटाचे ते माळ, दगड तापून निघालेले, झाड म्हणून बाभळी. टाळ वाजत होते. माझं पावलीशी जमत नव्हतं, कारण मी एका पायाच्या कडेवर आणि दुसऱ्याच्या टाचेवर चालत होते. मागून येणारी दिंडी "माउली, माउली" म्हणत पुढं गेली. त्या नम्र हाकेचा इतका राग आला मला! सरक म्हणायचं तर सरक म्हणा. काकूंना म्हटलं, तुम्ही व्हा पुढं, मी टेम्पो गाठते. टेम्पो कधीच पुढं गेला होता.

रस्त्याच्या कडेला पत्र्याची दोन खोल्यांची वस्ती होती. समोर बाज, शेळी, बाजूच्या रानात सऱ्या पाडून ठेवलेल्या. मी बाजेवर टेकले, न विचारता. आतून एक बाई आली. पस्तिशीची असेल, नाहीतर पन्नाशीची. या भागात बायकांचं वय कळत नाही. माझ्या पायाकडं बघून म्हणाली, "आगं माय! हे काय करून घेतलंय?"

मी म्हटलं पाणी द्या प्यायला. तिनं तांब्या दिला आणि आत गेली. मला वाटलं संपलं. दहा मिनिटांनी घमेल्यात कोमट पाणी घेऊन आली, त्यात खडे मीठ. घमेलं बाजेपुढं ठेवलं, एक हात कमरेवर दाबत सावकाश खाली बसली आणि माझा पाय धरला.

मी पाय ओढून घेतला. नको नको, मी करते. त्यावर ती नुसतं म्हणाली, "तुमचा हात पुरंल का तिथवर?" हात पुरत नव्हता. पोट मधे येतं.

पायावर किती दिवसांची माती होती ते मला माहीत होतं. नखांत चिखल वाळलेला, फुटलेल्या फोडाचं कातडं लोंबत होतं, मोज्याचा वास. ती बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवत होती, जसं लेकराचं अंग धुतात तसं, आणि तोंडानं भलतंच चाललेलं. सरकी आणून ठेवलीय, पाऊस नाही. दुकानदार उधारीवर खत देईना. दिवाळीनंतर नवराबायको कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जातात, कारखाना दरसाली बदलतो, मुकादमाची उचल अजून फिटली नाही. दोन वर्षांमागं गर्भाची पिशवी काढली, तेव्हापासून कंबर अशी धरते की ऊसाची मोळी उचलताना डोळ्यापुढं अंधारी येते. हे सगळं तिनं शेळीनं पाला खाल्ला अशा आवाजात सांगितलं. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या जातात, यावर २०१९ साली सरकारनं समिती नेमली होती. ते पेपरात वाचलेलं मला आठवत होतं. वाचलेलं मनात घोळत होतं आणि ती बाई त्याच कमरेनं वाकून माझी टाच चोळत होती.

मग तिनं सुई दिव्यावर धरली, दोरा ओवला आणि नव्या फोडातून आरपार काढून दोरा तसाच आत ठेवला. "ह्यातून पाणी निघून जातंय. ओढून काढू नका." वरून हळद आणि गोडं तेल. नवऱ्याच्या जुन्या धोतराची पट्टी फाडली. मला वाटलं, धोतर चांगलं होतं.

माझ्या गळ्यातला क्रूस बाहेर आला होता. तिनं बघितला. "हे दवाखान्यातल्या शिस्टरच्या गळ्यात असतंय तसलं." मी म्हटलं हो, मी त्यांच्यातलीच. "बरं," म्हणाली आणि पट्टीला गाठ मारली. मग माझ्या त्याच पायांवर डोकं टेकवलं. माझा जीव कोंडला. ती माझ्यात वारकरी बघत होती. मी तिच्यात कुणाला बघत होते, ते इथं लिहायला धजत नाही.

आमच्याकडं पवित्र गुरुवारी फादर बाराजणांचे पाय धुतात. पूर्वी फक्त पुरुषांचे. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला तेव्हापासून बायकाही बसतात. मीही एकदा बसले होते. आम्ही सगळ्याजणी घरून साबणानं पाय घासून, पैंजण काढून आलेलो. फादरांनी तांब्यानं चार थेंब ओतले, नव्या नॅपकिननं टिपले. सुंदर वाटलं होतं, खोटं नाही बोलत. पण त्या बाजेवर मला येशूचा शिष्य पेत्र पहिल्यांदा कळला. येशू शिष्यांचे पाय धुवायला गंगाळ घेऊन समोर बसला तर तो ओरडतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. इतकी वर्षं मी त्याला विनय समजत होते. विनय नाही, बेचैनी असते ती. आपल्यापेक्षा जास्त थकलेल्या माणसाकडून घेताना अंगाला काटे येतात. द्यायला सोपं जातं. गिरणीत मी गरिबाचं दळण फुकट दळते, तेव्हा मला काही त्रास होत नाही.

पाचारण रविवारी, म्हणजे देवाच्या सेवेला बोलावण्याच्या रविवारी, फादर विचारतात, कोणाला हाक ऐकू येते? मुलामुलींनी हात वर करायचे, मग सेमिनरीची, फादर घडवणाऱ्या शाळेची, माहितीपत्रकं. त्या बाईला कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, कसली हाक, मी सरकीकडं बघत होते.

पैसे द्यायला गेले तर तिनं हात मागं घेतला आणि जरा रागानंच बघितलं. मग म्हणाली, "चंद्रभागेत माझ्या लेकाच्या नावानं एक बुडी मारा. बारावीला बसतोय." नाव सांगितलं. बूट मी तिथंच ठेवले, ते तिच्या पायात बसत होते. तिच्या जुन्या चपलेत बाहेर पडले. पुढच्या वळणावर काकू बाभळीखाली बसून माझी वाट बघत होत्या, तोंड फुगवून.

पाटोदा आलं, एसटी स्टँडही दिसला. काकूंनी विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. दिघोळ, खर्डा, परांडा. खर्ड्याला १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं म्हणतात. मी तिथं फक्त झोपले. फोडातला दोरा कधी गळून पडला कळलंही नाही. एका रात्री पाऊस आला आणि राहुटी गळली, काकू आणि मी एका प्लॅस्टिकखाली भांडत बसलो. सकाळी त्याच काकूंनी माझी ओली साडी पिळून काठीवर वाळत घातली आणि ती काठी खांद्यावर घेऊन दिवसभर चालल्या.

पंढरपुरात दर्शनाची रांग इतकी लांब, की आम्ही कळसाचं दर्शन घेतलं. काकूंना चाललं. मला तर आत जायचं का नाही, हाच प्रश्न होता, तो रांगेनं मिटवला. चंद्रभागेचं पाणी बघून मात्र पोटात ढवळलं. द्रोण, फुलं, तेलाचा तवंग, कुणाचं तरी धोतर. क्रूस पदराखाली घातला, पोराचं नाव घेतलं, मनातल्या मनात एक 'हे आमच्या बापा'ही म्हटलं आणि बुडी मारली.

"डोकं बुडलं नाही," काकू काठावरून ओरडल्या. "ही धरत नाही. परत मार."

मी म्हटलं, बुडलं. त्या म्हणाल्या, बारावीचं प्रकरण आहे, परत मार. आणि स्वतः नऊवारी खोचून, दुखऱ्या गुडघ्यानं पाण्यात उतरल्या, माझं नाक दाबलं आणि मला खाली ढकललं.