किनाऱ्यावरचं गरवणं आणि घरचा शनिवार

इंग्लंडमध्ये नदीत किंवा तळ्यात गळ टाकायचा तर तेरा वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला परवाना लागतो. समुद्रकिनाऱ्यावरून गरवायला मात्र परवाना नाही, फी नाही. सी बास हा मासा 42 सेंटीमीटरपेक्षा लहान निघाला तर परत सोडायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये तर मोठाही ठेवायचा नाही, आणि दिवसाला किती ठेवता येतात तो आकडा बदलत असतो, म्हणून निघण्यापूर्वी बघून घ्यायचा. असे नियम पाळले की किनारा बहुतेक ठिकाणी बारा महिने, चोवीस तास मोकळा. मालवण-रत्नागिरीकडून आलेल्या माणसाला इथली थंडी सोसते ती या एका गोष्टीपायी.

पण बाहेरून कुणी अडवत नाही, म्हणून वेळेची हद्द घरातच आखावी लागते. गावाकडे घरातलं एक माणूस चार तास किनाऱ्याच्या खडपावर गळ टाकून बसलं तरी आई असते, काकू असते, शेजारी असतात. मूल कुणाच्या तरी कडेवर असतं. इथे घरात माणसं दोनच. एकाने घेतलेले चार तास म्हणजे दुसऱ्याने एकट्याने काढलेले चार तास. गळ नवऱ्याच्या हातात असो की बायकोच्या, हा हिशेब चुकत नाही. इथली गरवणारी मंडळी या विषयावर हसून मोकळी होतात. ते मला पटत नाही. यात शिकण्यासारखं बरंच आहे, आणि त्याची सुरुवात घड्याळापासून होते.

‘चार तास जाऊन येतो’ म्हणून निघालेला माणूस सात तासांनी परततो. तो खोटं बोललेला नसतो, त्याने फक्त पाण्यात गळ असण्याचा वेळ मोजलेला असतो. पाऊण तासावर किनारा आहे आणि भरती संध्याकाळी सहाला आहे असं धरा. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास गरवायचं, म्हणजे चार ते आठ. गोट्यांवरून सामान वाहून मांडायला वीस मिनिटं लागतात, म्हणजे घरून 2:55 ला निघायचं. आवरायला पुन्हा वीस मिनिटं, परतीची पाऊण तास, की 9:05 ला दारात. रील आणि बूट धुवायला अर्धा तास, म्हणजे 9:35. चार तासांचं गरवणं हे प्रत्यक्षात सहा तास चाळीस मिनिटांचं काम आहे, आणि घरी सांगायचा आकडा हाच. भांडण बहुतेक वेळा गेलेल्या वेळेवरून होत नाही, सांगितलेल्या आणि लागलेल्या वेळेतल्या फरकावरून होतं.

आता भरती. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ हाती येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. दर्यावर्दी घरातल्या बायकाही हे तोंडी सांगतात, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. इंग्लंडच्या आग्नेय टोकाला डोव्हरच्या बाजूला, केंट आणि ससेक्सच्या किनाऱ्यावर, हे गणित बरंचसं तसंच लागू पडतं. उधाणाची (पौर्णिमा-अमावास्येची मोठी) भरती दुपारी बारा आणि मध्यरात्रीच्या सुमारास, भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. इथले लोक मिनिटापर्यंत छापलेलं कोष्टक बघतात, पण तारखेवरून चंद्र कुठे आहे ते सांगू शकणारे थोडे. तरी कोष्टकाचं मोल कबूल केलं पाहिजे. पूर्ण वर्षाची छोटी पुस्तिका गळ-दोरीच्या दुकानात मिळते, त्यामुळे डिसेंबरातच पुढच्या वर्षाचे सगळे शनिवार समोर मांडून बसता येतं.

आणि तसं बसावंच, दोघांनी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत ती सहा तासांच्या जवळपास सरकते. म्हणजे या शनिवारी दुपारी बाराला भरती असेल, तर पुढच्या शनिवारी ती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा बारावर. दर पंधरवड्यात एक शनिवार घराला सोयीचा असतो आणि एक गैरसोयीचा, हे चंद्रानेच वाटून दिलेलं आहे. हिवाळ्यात केंटला भांगाचा शनिवार घ्यावा. चार-साडेचारलाच अंधार पडतो, व्हायटिंग मासे किनाऱ्याजवळ येतात, सकाळ-दुपार घरच्या कामांना राहते. उधाणाचा शनिवार पूर्ण घरचा. भांगात मासा कमी लागतो अशी तक्रार मी ऐकून आहे. काही जागी ती खरीही आहे. पण केंटमधल्या डंजनेससारख्या ओढीच्या जागी उधाणात 170 ग्रॅमचं, वाळूत रुतणाऱ्या तारांचं शिसंही तळाशी टिकत नाही, दोरीवर शेवाळ चढतं. भांगात 120-140 ग्रॅमचं शिसं निवांत बसून राहतं.

जागा बदलली तर वेळ बदलते, हेही हाताशी ठेवण्यासारखं. पश्चिमेकडे डॉर्सेटमधल्या पोर्टलंडला भरती डोव्हरच्या साधारण साडेचार तास आधी येते. त्यामुळे तिथल्या चेसिलच्या 29 किलोमीटर लांब गोट्यांच्या बांधावर उधाणाची भरती सकाळी-संध्याकाळी सातच्या आसपास पडते. ज्या शनिवारी केंट नको, त्या शनिवारी चेसिल जमतं. दोन्ही बाजू गाडीच्या टप्प्यात असणाऱ्याने हे ज्ञान घरी लपवू नये. लपवलं की दर शनिवारी एक ना एक किनारा सोयीचा निघतो, आणि मग वाटणीला अर्थ उरत नाही.

पुस्तिकेतली एक गोष्ट इतकी घोटाळा करते की ती ठळक सांगायला हवी. बऱ्याच कोष्टकांत वेळा ग्रीनिच वेळेनुसार छापलेल्या असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असतं, तेव्हा छापील वेळेत एक तास मिळवायचा. तो न मिळवता निघालेला माणूस तासभर आधी पोचतो, चांगली वेळ सुरू होता होता परतायची वेळ येते, आणि मग ‘अजून एक तास’ असा निरोप घरी जातो. पुस्तिका घरात आली की पहिल्या पानावर ती कुठल्या वेळेत आहे ते पाहावं, आणि उन्हाळ्याच्या पानांवर पेन्सिलने तास मिळवूनच ती भिंतीला लावावी.

वेळेखालोखाल त्रास देतो तो फ्रिज. आमिषाचे जिवंत किडे, रॅगवर्म आणि लगवर्म, वर्तमानपत्रात गुंडाळून चार ते सहा अंशांवर काही दिवस राहतात, पण रोज उघडून मेलेले काढावे लागतात. एक कुजला की पुडकंच्या पुडकं जातं, आणि तो वास दुधाला लागतो. लगवर्मची मोठी जात, ब्लॅक लग, एकेक वेगळा गुंडाळून गोठवता येतो. लहान ब्लो लग गोठवला तर सुटल्यावर त्याचा लगदा होतो, तो तेवढ्यापुरताच घ्यावा. आमिषाचा स्क्विड (माकूल) कितीही नीट बांधला तरी पाणी सोडतो, म्हणून दोन पिशव्या आणि वर घट्ट झाकणाचा डबा. खरा उपाय एकच, शेडमध्ये जुना छोटा फ्रिज. त्यावर खर्च करायला माणसं मागेपुढे पाहतात आणि तिसरा रॉड मात्र घेतात. घरात शिजवायच्या जिनसा आणि आमिष एका कप्प्यात ठेवायला जोडीदाराने नकार दिला, तर तो नकार योग्यच आहे.

धुणं-पुसणं त्याच रात्री करावं, आणि ज्याने गरवलं त्यानेच. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला धरणारा ब्रेक, आवळून रील नळाच्या मंद धारेखाली धरायचा. जोराच्या फवाऱ्याने मीठ बेअरिंगमध्ये आत जातं. वाळला की ड्रॅग सैल सोडायचा. जॅकेटचे खिसे वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याआधी उलटे करून पाहायचे, कारण खिशात विसरलेला गळ टॉवेलमध्ये अडकतो आणि मग कुणाच्या तरी बोटात. मासा किनाऱ्यावरच साफ करावा. घरी करायची वेळ आलीच, तर आतडी पिशवीत बांधून कचऱ्याची गाडी यायच्या दिवसापर्यंत गोठवून ठेवावीत. पुष्कळ ठिकाणी गाडी पंधरवड्याने येते, आणि जुलैत तेवढे दिवस डबा दाराशी ठेवणं शेजाऱ्यांनाही सोसत नाही.

रात्रीच्या गरवण्याबद्दल मी कडक आहे. परक्या देशात, अकरा वाजता, फोन लागत नाही अशा माणसाची वाट बघणं फार वाईट. किनाऱ्याची मूठभर माणसांनाच माहीत असलेली नावं घरी उपयोगाची नाहीत. निघण्यापूर्वी चार गोष्टी लिहून द्याव्यात: गाडी कुठे लावणार, तिथून कुठल्या हाताला किती चालणार, भरती किती वाजता, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर 999 लावून कोस्टगार्ड मागायचं. ही शेवटची वेळ परतीच्या वेळेपेक्षा तासभर पुढची ठेवावी आणि ती वाढवू नये. इंग्लंड आणि वेल्सच्या मधल्या ब्रिस्टल चॅनलच्या बाजूला हे दुप्पट लागू. तिथे उधाणात पाणी बारा-चौदा मीटर चढतं-उतरतं, आणि खडपावर उभ्या माणसाच्या मागची वाट आधी बुडते.

एवढं केल्यावर गरवणाऱ्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. दर शनिवारी गोल्फला किंवा फुटबॉलच्या सामन्याला जाणाऱ्याला इथे कुणी आपमतलबी म्हणत नाही. गरवणारा वेळ सांगून जातो, शुद्धीत परततो आणि नशिबाने साथ दिली तर रात्रीचं जेवण घेऊन येतो. त्याला सतत अपराधी वाटत राहावं असं यात काही नाही.

सगळ्यांनी मिळून जायचं तर जून ते सप्टेंबर, उताराच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर, बांगड्यासाठी. नऊ फुटी हलका रॉड, पिसांचे गळ, टोकाला 60 ग्रॅमचं शिसं. रात्रीचा बारा फुटी रॉड त्या दिवशी घरीच ठेवावा. त्याच्या 140 ग्रॅमच्या शिशाला किमान 50 पौंड ताण सोसणारी शॉकलीडर, म्हणजे फेकण्याचा झटका झेलणारी पुढची जाड दोरी, लागते. बारीक दोरीवर ते फेकताना तुटलं तर समोर कुणीही असो, गोळीसारखं जातं. फेकणाऱ्याच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, मुलांनी मागे, रॉड आणि गळांची माळ पोचणार नाही इतक्या दूर बसायचं. पिसांच्या तयार माळेत बहुधा सहा गळ येतात. मुलं सोबत असली की त्यातले तीन कापून टाकावेत: सहा बांगडे एकदम लागले की माळ तडफडत किनाऱ्यावर येते, आणि मोकळे गळ हाताला लागतात ते तेव्हाच.