एकाच अंगणातले दोन वंश

पिंपळनेरच्या बाजारात मोटारसायकलला पाट्या बांधून गुलाबी-हिरवी पिल्लं विकणारे येतात. साक्री तालुक्यात ज्याने पशुवैद्यक म्हणून काम केलंय त्याला ही पिल्लं नवी नाहीत. अंड्याच्या जातीतले नर, हॅचरीच्या उपयोगाचे नाहीत, म्हणून रंगवून स्वस्तात काढलेले. रंग उडाला की खालून पांढरा लेगहॉर्न निघतो. हॅचरीत मादी पिल्लांना पहिल्याच दिवशी मॅरेक्सची, म्हणजे कोंबड्यांना लकवा आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाची, लस टोचतात. या नरांवर तो खर्च कोण करणार?

अशाच कोंबड्यांसाठी एका आक्कांचा फोन आला. ''मानमोडी उनी, भाऊ.''

मी गेलो तर अंगणात तीनेक महिन्यांचे पांढरे कोंबडे आडवे. एक पाय पुढे, एक मागे, आणि तशाच अवस्थेत चोच मात्र दाण्यांकडे. मानमोडीत असं नसतं. तिथे मान पिळवटते, धाप लागते, हिरवी हगवण होते आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. इथे तर आक्का म्हणाल्या, पंधरवड्यापासून एकेक पडतोय. सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर मेलेला एक उघडला. मांडीच्या आतला स्नायू बाजूला सारला की मोठा मज्जातंतू दिसतो. निरोगी पक्ष्यात तो पांढरा, चकचकीत आणि अंगावर बारीक आडव्या रेघा असलेला. इथे डावा तसाच होता. उजवा दुपटीने जाड, पिवळट, रेघा पुसलेल्या. यकृतावर पांढुरक्या गाठी. हंगेरीतले पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये कोंबड्यांच्या ज्या लकव्याचं वर्णन केलं, तोच हा.

इथवर नेहमीचंच होतं. पण त्याच उकिरड्यावर एक खुडूक उठलेली गावठी कोंबडी आपली पिल्लं घेऊन उकरत होती, आणि ती पिल्लं या पांढऱ्यांच्याच वयाची. हा विषाणू पिसांच्या मुळाशी वाढतो, कोंड्यातून धुळीत उतरतो आणि धुळीत महिनोन् महिने टिकतो. म्हणजे तीच धूळ, तेच पाणी, लस दोघांनाही नाही. तरी गावठी तलंगा तुरुतुरु पळताहेत. फक्त एक तांबूस पिल्लू किंचित लंगडत होतं. मी बोट दाखवलं. आक्का म्हणाल्या, ''हाऊ बी तिनाच शे.''

पांढऱ्यांपेक्षा मला त्या लंगड्याने जास्त छळलं. सगळ्यांच्या पंखाच्या शिरेतलं थेंबभर रक्त कार्डावर टिपलं आणि पशुवैद्यक महाविद्यालयातल्या एका मित्राकडे धाडलं.

कोंबडीच्या सोळाव्या गुणसूत्रावर 'बी' नावाचा जनुकसमूह आहे. पेशीत शिरलेल्या विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून दाखवणारे रेणू तो बनवतो. ते तुकडे पाहूनच रोगप्रतिकारक पेशी हल्ला करतात. माणसात अशा मुख्य रेणूंचे तीन प्रकार असतात, एकाला जमलं नाही तर दुसरा आहे. कोंबडीत मात्र बहुतेक भार एकाच रेणूवर. गावात एकच पाटील असावा तसं. तो चांगला निघाला तर ठीक. म्हणून बी-२१ हा वाण वारशात मिळालेली कोंबडी मॅरेक्सला बऱ्यापैकी पुरून उरते आणि बी-१९ वाली लवकर पडते.

मित्राने बी समूहातल्या डीएनएच्या एका खुणेची लांबी तपासली. लांबीप्रमाणे तिची पट्टी वेगळ्या जागी उमटते; एक आईकडून आलेली, एक बापाकडून. पांढऱ्यांच्या पट्ट्या ठरावीक दोन-तीन जागी, जणू सगळे एकाच साच्यातले. गावठींच्या मात्र बऱ्याच जागी विखुरलेल्या. लंगड्याची एक पट्टी आईशी जुळत होती. दुसरी एकाही भावंडाशी नाही. बहुधा बाप वेगळा. गल्लीतले कोंबडे काही कुंपणं मानत नाहीत. तोही पुढे पडला, आणि त्याचाही मज्जातंतू जाडच निघाला. एका पिल्लावरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं. बी सोडून इतर जनुकंही यात असतात. पण आपण 'गावठी' म्हणून ज्याला एकच जात समजतो, तिच्या एका वेतात इतका फरक असतो हे मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

म्हणूनच 'गावठीला काही होत नाही' हे आपल्याकडचं आवडतं वाक्य मला पटत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत शेजारच्या नवापुरात देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू निघाला, २०२१ मध्ये तिथेच पुन्हा. त्या विषाणूपुढे गावठीचाही टिकाव लागत नाही. त्याची चाहूल देणारं रिग-आय हे जनुक बदकात आहे, कोंबडीच्या वंशात ते उरलेलं नाही. मॅरेक्सपुढे टिकलेली कोंबडी फ्लूपुढे टिकेल असं काही नाही.

आक्कांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. मॅरेक्सची लस अंड्यातून निघाल्याबरोबर द्यावी लागते, शेकडो डोसांची कुपी फोडली की तासा-दोन तासांत संपवावी लागते; दहा पिल्लांसाठी ती कोण आणणार? तेव्हा म्हटलं, रंगीत पिल्लं घेऊ नका, आणि ही साथ पचवलेल्या वेतातला धडधाकट कोंबडा पैदाशीला ठेवा; एकच नको, दोन-तीन ठेवा.

''मोठा चांगला व्हता,'' त्या म्हणाल्या. ''तो तं नवसले गया.''

नवसाला, पाहुण्याला, बाजाराला सगळ्यात तगडाच कोंबडा जातो आणि पैदाशीला उरतो तो किरटा. आमच्या खात्यातही सुधारित कोंबडे वाटताना हा हिशेब कुणी मांडत नाही. त्या दिवशी उरलेल्यांतले दोन कोंबडे मी निवडून दिले, पायाला चिंध्या बांधल्या आणि दिवाळीपर्यंत विकणार नाही असं आक्कांकडून कबूल करून घेतलं.