शरदातला प्रवास पंचांग पाहून ठरवावा

२०२२ साली घटस्थापना २६ सप्टेंबरला होती. आई, मी, माझे यजमान आणि मुलगी असे चौघे तिसऱ्या माळेच्या दिवशी साताऱ्याहून कास पठारावर गेलो, तेव्हा जांभ्या खडकाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट माथ्यावर, पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा इतका दाट फुलला होता की पाऊल ठेवण्यापूर्वी वाकून जागा शोधावी लागत होती. तिथून आम्ही कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलो. एकाच सहलीत डोंगरावरची फुले आणि शहरातला उत्सव दोन्ही मिळाल्यामुळे सर्वांनी ठरवून टाकले की दरवर्षी नवरात्रात हाच प्रवास करायचा. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा दुसऱ्या-तिसऱ्या माळेलाच निघालो, पण कासला पोहोचलो तर फुलांचा हंगाम सरलेला. सड्यावर सोनेरी गवत वाऱ्याने लवत होते आणि खडकाच्या कपारींत सोनकीची चुकार फुले तेवढी उरली होती. मुलगी हिरमुसली. आई मात्र शांतपणे म्हणाली, "अगं, यंदा अधिक श्रावण होता ना. नवरात्र लांबलं, फुलं कशाला थांबतील?"

आईच्या त्या एका वाक्यामुळे शरदातल्या प्रवासाची आखणी कशी करावी हे मला उमगले. आपले सण चांद्रमासाप्रमाणे येतात. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने सण दरवर्षी तितके अलीकडे सरकतात, आणि साधारण दोन वर्षे आठ महिन्यांनी अधिक मास आला की एकदम १९ दिवसांच्या आसपास पुढे जातात. म्हणूनच २०२२ची २६ सप्टेंबरची घटस्थापना २०२३मध्ये १५ ऑक्टोबरला आली, २०२४मध्ये ३ ऑक्टोबरला, २०२५मध्ये २२ सप्टेंबरला, आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती ११ ऑक्टोबरला आहे. फुलांना तिथी ठाऊक नसते. ती पावसाच्या आणि उन्हाच्या हिशेबाने चालतात, आणि तो हिशेब सौर वर्षाचा आहे. तेव्हा सण आणि बहर एकाच सहलीत हवे असतील, तर त्या वर्षीचे नवरात्र सप्टेंबरात आहे की ऑक्टोबरच्या मध्यात, हा पहिला प्रश्न.

कासचे गणित समजून घेण्याजोगे आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीवर हे पठार आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम असतो. पावसाळ्यात त्यावर पाणी साचून राहते, आणि पाऊस सरला की तोच थर काही दिवसांत वाळून जातो. रुजणे, वाढणे, फुलणे आणि बी धरणे हे सगळे तिथल्या वर्षायू, म्हणजे एकाच वर्षात आयुष्य संपवणाऱ्या, वनस्पतींना तीन-चार महिन्यांत उरकावे लागते. मातीत नत्र फार कमी असल्याने सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती लहान कीटक पकडून आपली गरज भागवतात. सीतेच्या आसवांचा तो निळा-जांभळा गालिचा दुरून किती नाजूक दिसतो! जवळ बसून पाहिल्याशिवाय त्याच्या मुळाशी चाललेला हा उद्योग कळत नाही, म्हणून सोबत लहान भिंग न्यावे असे मी प्रत्येकाला सांगते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गेंद, तेरडा, कवला, सोनकी असे रंग एकामागून एक येतात, आणि दर आठ-दहा दिवसांनी पठाराचा चेहरा पालटतो.

हंगामात प्रवेशासाठी ऑनलाइन नोंदणी असते आणि दिवसाकाठी येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असते. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समित्या वनविभागाच्या साथीने व्यवस्था पाहतात. शनिवार-रविवार टाळावा, हे माझे ठाम मत आहे, कारण गर्दी वाढली की लोक पायवाट सोडून फुलांत शिरतात. छायाचित्रासाठी फुलांत बसलेल्या माणसाखाली किती रोपे बी धरण्याआधीच संपतात, याचा विचार झाला पाहिजे. वर्षायू रोपाने बी टाकले नाही, तर पुढच्या वर्षी त्या जागी काय उगवणार? छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण वारा छत्री उलटवतो. जांभा ओला असताना फार निसरडा होतो, म्हणून वयस्कर माणसे बरोबर असतील तर तळव्याला पकड असलेली पादत्राणे हवीतच.

पाश्चात्त्य देशांतल्या लाल-केशरी झाडांची छायाचित्रे पाहून पुष्कळ जण विचारतात की आपल्याकडे असा देखावा कुठे मिळेल. आपल्याकडे पानगळ शरदाची नसून शिशिराची आहे. थंड प्रदेशात दिवस लहान होत गेले आणि गारठा वाढला की पानांतले हरितद्रव्य विरते व झाकलेले पिवळे रंग उघडे पडतात, शिवाय काही झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो. सह्याद्रीतली झाडे थंडीपेक्षा कोरडेपणाला प्रतिसाद देतात, त्यामुळे त्यांची पाने माघ-फाल्गुनात गळतात, आणि तांबडा रंग पाहायचा तर चैत्राच्या सुमारास कोवळ्या पालवीने लालबुंद झालेला कुसुंब पाहावा. आपल्या शरदाचा रंग जमिनीलगत असतो. पिकलेले भात आणि वाळत चाललेले गवत हेच इथले सोने. २०२३च्या त्या फेरीत हिरमुसलेल्या मुलीला घेऊन आम्ही चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर गेलो. उतरत्या उन्हात तिथले गवत तांब्यासारखे झळकत होते आणि पवनचक्क्यांच्या लांब सावल्या त्यावरून फिरत होत्या. तिने स्वेटरला चिकटलेली कुसळे काढत तासभर तिथेच बसकण मारली. फुले नसली तरी तो दिवस वाया गेला नाही, आणि पुढे ऑक्टोबरच्या मध्यात कासऐवजी गवतासाठीच बाहेर पडावे असे मला वाटू लागले.

यंदाची आखणी याच विचाराने केली आहे. २०२६मध्ये नवरात्र लांबल्यामुळे फुले आणि देवी एका सहलीत येणार नाहीत, म्हणून दोन वेगळ्या फेऱ्या ठरवल्या. आमच्याकडे गौरींबरोबर गणपती जातो, त्यामुळे गौरी विसर्जनानंतर, अनंत चतुर्दशीच्या म्हणजे २५ सप्टेंबरच्या आधी, मंगळवार-बुधवारी २२ आणि २३ तारखेला कास. पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटर आहे, मुक्काम साताऱ्यात. पहिला दिवस पठाराचा, दुसऱ्या दिवशी सकाळी सज्जनगडावर समर्थांच्या समाधीचे दर्शन आणि मग ठोसेघरचा धबधबा. सप्टेंबरात त्याला पाणी भरपूर असते.

दुसरी फेरी कोल्हापूरची, आणि तिच्यातला माझा सगळा जीव ललिता पंचमीत आहे. बाहेरगावचे लोक बहुधा अष्टमीची नगरप्रदक्षिणा किंवा दसऱ्याची गर्दी गाठतात, पण पंचमीच्या दिवशी अंबाबाईची पालखी शहराबाहेरच्या टेंबलाई टेकडीवर तिची सखी त्र्यंबोली देवी हिच्या भेटीला जाते, तो सोहळा मला सर्वांत जवळचा वाटतो. कथा अशी सांगतात की अंबाबाईने मारलेल्या कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष याने योगदंडाच्या सामर्थ्याने देवदेवतांना मेंढ्या करून टाकले. त्र्यंबोलीने युक्तीने तो दंड मिळवला, कामाक्षाला मारले आणि सर्वांना सोडवले. पुढे विजयाच्या सोहळ्याचे आमंत्रण तिलाच द्यायचे राहून गेले. ती रुसली आणि कोल्हापूरकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. अखेर अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला टेकडीवर गेली. आजही पंचमीला पालखी तिथे जाते, कोहळ्याची पूजा होते, कुमारिकेच्या हातून त्रिशूळाने कोहळा फोडला जातो आणि त्याचा तुकडा मिळवण्यासाठी एकच झुंबड उडते. कोहळा हे कोल्हासुराचे प्रतीक मानतात. मला मात्र या कथेत असुरवधापेक्षा पुढचा भाग मोठा वाटतो. मदत करणाऱ्या सखीला विसरलो, हे ध्यानात आल्यावर जगदंबेनेही टेकडी चढून जावे आणि ती आठवण गावाने दरवर्षी पालखी काढून जपावी, हे किती लोभस आहे! आईला टेकडीवरची गर्दी झेपणार नाही, म्हणून तिच्यासाठी पालखीच्या वाटेवरची एखादी मोकळी जागा सकाळीच पाहून ठेवायची आहे. गेल्या वेळी हे न केल्यामुळे तिला दोन तास उन्हात उभे राहावे लागले होते आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

नवरात्रात देवळात रोज वेगळ्या रूपातली पूजा बांधली जाते आणि रात्री पालखी निघते, म्हणून एका दर्शनावर समाधान न मानता किमान दोन मुक्काम ठेवावेत. मुंबईकरांना रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची आहे. आम्ही पुण्याहून गाडीने जाणार असल्याने सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता आहे. राहण्याची जागा मात्र दोन महिने आधी धरावी. दसऱ्यापर्यंत, म्हणजे २० ऑक्टोबरपर्यंत, आम्हाला थांबता येणार नाही. ज्यांना थांबता येईल त्यांनी दसरा चौकातला सोहळा चुकवू नये. अंबाबाई आणि भवानी यांच्या पालख्या तिथे येतात, सूर्यास्ताच्या वेळी छत्रपती घराण्याच्या हस्ते शमीपूजन होते आणि मग सोने लुटले जाते. सोन्याबद्दल एक विनंती करावीशी वाटते. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पाने विकली जातात आणि या एका दिवसासाठी दोन्ही झाडांच्या फांद्या ओरबाडल्या जातात. कुंडीत आपट्याचे रोप लावून त्याचे एक पान दिले, तरी सोने पोहोचते. आमच्या गच्चीवरचे रोप आता कमरेएवढे झाले आहे.

या दिवसांत साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत महामार्गाच्या कडेने झेंडूची शेते लागतात. लागवडीपासून झेंडूला फुले यायला साधारण दोन महिने लागतात, तेव्हा दसऱ्याला माल बाजारात यावा म्हणून शेतकरी दसऱ्याच्या तारखेपासून मागे दिवस मोजतो आणि मग रोपे लावतो. सोनकी तिथीसाठी थांबत नाही, झेंडूला मात्र माणूस तिथीवर आणतो. परतीच्या पावसाने ऐन तोडणीत झोडपले, तर त्याच्या हातात काही उरत नाही. त्यामुळे रस्त्याकडेला उभे राहून फुले विकणाऱ्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये, असे मला मनापासून वाटते.

तिसरा बेत छोटा आहे. कोजागरी यंदा रविवारी, २५ ऑक्टोबरला आहे, आणि ती आम्ही मामाकडे चिपळूणजवळच्या गावी करणार आहोत. कऱ्हाडहून कोयनानगरमार्गे कुंभार्ली घाट उतरला की हवा, माती आणि घरांची छपरे सगळेच बदलते. हीच पौर्णिमा कोकणात नवान्न पौर्णिमा असते. भाताच्या लोंब्या, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान आणि कुरडूचे फूल एकत्र बांधून त्याचे 'नवं' करतात आणि ते दाराला, देव्हाऱ्याला, धान्याच्या कणगीला बांधतात. घाटावर लोक मसाला दुधात चंद्र पाहतात, आणि खाली त्याच रात्री नव्या तांदळाचा वास घरभर असतो. मामा लोंब्या स्वतः शेतातून निवडून आणतात. या वर्षी ते काम नातीने करावे असे त्यांनी कळवले आहे.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव ९, १० आणि ११ नोव्हेंबरला असतो. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात शिरून पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावीत अशी ती रचना आहे. तो सूर्याच्या गतीवर बांधलेला असल्याने त्याची तारीख पंचांगाने हलत नाही. यंदा मात्र ते तिन्ही दिवस दिवाळीत येतात, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ११ला. भाऊ कोल्हापुरातच राहतो. त्यामुळे भाऊबीजेचे ओवाळणे दुपारी उरकून संध्याकाळी देवळात पोहोचता येईल का, हे विचारायला मी काल त्याला फोन केला, तर त्याने आमच्या चौघांसाठी वरची खोली आधीच झाडून ठेवायला घेतली होती.