तुम्ही विचारलंत म्हणून: डायव्हिंग न करणाऱ्याने बोनेअरला का जावे?

"तुम्ही डायव्हिंग करत नाही, मग बोनेअरला दहा दिवस केलेत तरी काय?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला आणि गेल्या महिन्यात, नवऱ्याच्या हट्टाखातर तिकडे निघालेल्या एका मैत्रिणीनेही विचारला. प्रश्न रास्त आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोर असलेल्या या 288 चौरस किलोमीटरच्या बेटाभोवतीचा समुद्र 1979 पासून संरक्षित आहे, तिथल्या मोटारींच्या पाट्यांवरसुद्धा हे बेट डायव्हरांचा स्वर्ग असल्याचे लिहिलेले असते, आणि विमानातून उतरणारी निम्मी माणसे तरी बुडी मारण्याचे सामान घेऊन आलेली दिसतात. माझ्या कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली असल्यामुळे डॉक्टरांनी मला खोल पाण्यात जायला कायमची मनाई केली आहे. त्यामुळे माझे यजमान रोज सकाळी पाण्याखाली जात आणि मी भाड्याची गाडी घेऊन बेटावर हिंडत असे.

पहिल्याच सकाळी मी दक्षिणेच्या रस्त्याला लागले आणि पुढच्या दहा दिवसांत त्याच रस्त्यावर चार वेळा गेले, याचे कारण तिथले मीठ. माझे बालपण मुलुंडच्या पूर्वेला, मिठागरांच्या शेजारी गेले आहे. खाडीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत उन्हात आटवायचे आणि तळाशी राहिलेले मीठ ओढून ढीग लावायचे, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. बोनेअरला हेच काम फार मोठ्या प्रमाणावर चालते. दाट खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तिथले वाफे गुलाबी दिसतात, पलीकडे मिठाचे पांढरेशुभ्र डोंगर उभे असतात आणि तिथून एक लांब पट्टा रस्त्यावरून थेट धक्क्यावरच्या जहाजापर्यंत मीठ वाहून नेतो. वाफ्यांच्या मधोमध पेकेलमेर हे रोहित पक्ष्यांसाठी राखलेले पाणथळ आहे. कॅरिबियन रोहितांच्या मोजक्या वीणस्थळांपैकी ते एक असल्यामुळे आत जाता येत नाही. रस्त्यावर गाडी उभी करून दुर्बिणीने पाहावे लागते, आणि तसे ते असणेच योग्य आहे. शिवडी-ठाण्याच्या खाडीतले रोहित पाहिलेल्या माणसालाही तिथला रंग चकित करतो, कारण ही जात आपल्याकडच्या दोन्ही जातींपेक्षा पुष्कळच गडद, जवळजवळ शेंदरी असते.

त्याच रस्त्याच्या कडेला, समुद्राला लागून, गुलामांच्या दगडी झोपड्यांच्या दोन रांगा आहेत. दुरून त्या खेळण्यातल्या घरांसारख्या दिसतात. जवळ गेल्यावर लक्षात येते की दार जेमतेम आपल्या कमरेएवढे आहे. मी गुडघे टेकून आत गेले. दोन माणसे आडवी झाली की जमीन संपावी एवढीच जागा. बाहेर ऊन आणि मिठाची चमक इतकी प्रखर होती की आतल्या अंधारात काही वेळ मला काहीच दिसले नाही. या झोपड्या 1850 च्या सुमारास बांधल्या गेल्या आणि डच वसाहतींमधली गुलामगिरी 1863 मध्ये संपली. म्हणजे एवढासा निवाराही त्या माणसांना शेवटच्या काही वर्षांतच मिळाला. त्यांची बायकामुले उत्तरेकडच्या रिंकोन गावात राहत. आठवड्याचे काम संपले की ही माणसे सुमारे सात तास चालत घरी जात आणि पुन्हा तेवढेच चालत मिठावर परत येत. झोपड्यांच्या जवळ उंच निमुळते रंगीत मनोरे आहेत, ते मात्र जहाजांसाठी बांधलेले होते: कोणत्या ठिकाणी मीठ भरायचे ते खलाशांना लांबून कळावे म्हणून. लहानपणी मीठ ओढणाऱ्या माणसांच्या पायांना पडलेल्या भेगा मी पाहिल्या होत्या. त्या दारातून बाहेर येताना मला त्या आठवल्या, आणि मी बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

म्हणून रिंकोनला आवर्जून जावे, आणि झोपड्या पाहिल्यानंतर जावे. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात वसवलेले हे बेटावरचे सर्वांत जुने गाव, समुद्रावरून चाचांना दिसू नये अशा बेताने, डोंगरांमधल्या खोलगट जागी आहे. तिथे मी बकऱ्याच्या मांसाचा रस्सा आणि मक्याच्या पिठाची घट्ट फुंची खाल्ली, आणि कादुशी नावाच्या निवडुंगाचे सूपही प्यायले. ते भेंडीसारखे बुळबुळीत असते. मला आवडले, सगळ्यांना आवडेलच असे नाही. वाढणाऱ्या बाईंनी "बोन दिया" म्हणून स्वागत केले. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून घडलेली पापियामेंतू ही त्यांची भाषा आहे, आणि तिच्यातले दोन शब्द जरी आपण बोललो तरी समोरच्याचा चेहरा खुलतो.

उत्तरेच्या वॉशिंग्टन स्लागबाय राष्ट्रीय उद्यानाला एक पूर्ण दिवस द्यावा. वाटा खडबडीत आहेत, गाडी उंच लागते, आणि पिवळ्या खांद्यांचे पोपट पाहायचे असतील तर लवकर निघावे लागते. पूर्वेला लाकचा उपसागर आहे. तिथले पाणी खूप दूरपर्यंत कमरेएवढेच असते आणि वारा सतत वाहतो, म्हणून शिडाच्या फळीवर उभे राहायला शिकणारी माणसे तिथे गर्दी करतात. मी मात्र छोट्या होडीतून तिथल्या कांदळवनात गेले. तिवरांच्या मुळांमध्ये बोटाएवढ्या माशांचे थवे होते, आणि बाहेर घोंघावणारा वारा आत अजिबात ऐकू येत नव्हता.

पाण्यावर तरंगायला मला मनाई नव्हती, हेही सांगायला हवे. शेजारच्या निर्मनुष्य क्लाइन बोनेअरला होडीने जाऊन मी नळी लावून पृष्ठभागावरून प्रवाळ पाहिले. प्रवाळाची रांग किनाऱ्यापासूनच सुरू होते, त्यामुळे खोल न जाताही पुष्कळ दिसते.

ज्यांना लांबच लांब पांढरी वाळू, बाजारपेठ आणि रात्रीची गजबज हवी आहे, त्यांनी बोनेअरला जाऊ नये. त्यांचा तिथे हिरमोड होईल. जमीन कोरडी आहे, निवडुंगाची कुंपणे आहेत, रस्त्यात गाढवे आडवी येतात आणि सगळी झाडे वाऱ्याने पश्चिमेकडे झुकलेली आहेत. मैत्रिणीला मी एवढेच सांगितले: नवरा पहिल्यांदा पाण्यात उतरेल त्या सकाळी तू दक्षिणेला नीघ, टोपी आणि भरपूर पाणी बरोबर ठेव, कारण त्या रस्त्यावर झोपड्यांच्या आतली सोडली तर कुठेही सावली नाही.