आमची वाटचाल : बफिंगच्या गाळ्यापासून क्रोमच्या टाकीपर्यंत

वडिलांनी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत गाळा घेतला तेव्हा तिथे फक्त बफिंग चालायचं. यंत्रमागाचे सुटे भाग, सायकलची हँडलं, नळ घासून चकचकीत करायचे आणि प्लेटिंगला, म्हणजे विजेने धातूचा पातळ थर चढवायला, दुसऱ्याकडे पाठवायचे. मधला नफा तिकडेच राहायचा, म्हणून पुढे निकेलची टाकी आम्हीच बसवली. क्रोम त्यानंतर आलं.

निकेलच्या टाकीत निकेल सल्फेट, थोडं निकेल क्लोराइड, बोरिक ॲसिड. पाणी ५०-६० अंशांना तापलेलं. रेक्टिफायरच्या (एसी विजेची डीसी करणाऱ्या यंत्राच्या) धन टोकाला निकेलचे तुकडे, ऋण टोकाला हँगरवर टांगलेला माल. करंट सोडला की तुकड्यांतलं निकेल इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं आणि पाण्यातले निकेलचे आयन मालावर तेच इलेक्ट्रॉन घेऊन धातू होऊन बसतात. हिरवं पाणी हिरवंच राहतं.

"मालक, जरा लवकर काढा की!" हे आम्ही रोज ऐकतो. पण जितकी वीज तितकाच धातू, या शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८३४ साली मांडलेल्या हिशेबात घासाघीस चालत नाही. १ अँपिअर करंट १ तास दिला तर फार तर १.०९५ ग्रॅम निकेल बसतं. चौरस डेसिमीटरला (१० बाय १० सेंटिमीटरला) ४ अँपिअर धरले, तर २० मिनिटांत साधारण १५-१६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या १५-१६ पट, जाडीचा थर. घाईने करंट चढवला की कडा जळून काळ्या, खरबरीत होतात, आणि तोच गिऱ्हाईक माल परत आणून टाकतो.

आमच्या बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम टाकीतल्या सल्फेटशी जुळून बारीक कण होतात, ते मालावर बसले की बोटाला खसखस लागते. म्हणून पाण्यातले क्षार काढणारा डीएम प्लँट घेतला. त्या खर्चाला वडील बरेच दिवस कुरकुरत होते.

क्रोमची तऱ्हा वेगळी. तिथे शंभरातली जेमतेम १०-२० टक्के वीज धातू बसवते, उरलेली बहुतेक हायड्रोजनच्या बुडबुड्यांत जाते. बुडबुड्यांबरोबर क्रोमिक ॲसिडचे तुषार उडतात, म्हणून टाकीच्या काठाला एक्झॉस्ट हवाच. कडक स्टीलमध्ये हायड्रोजन शिरला तर स्प्रिंग कडकन तुटते. म्हणून तो हायड्रोजन बाहेर काढायला असा माल प्लेटिंगनंतर लगेच २०० अंशांच्या आसपास भट्टीत ठेवतो.

क्रोमच्या टाकीतून काढलेला माल धुतल्याचं पिवळं पाणी तसंच सोडत नाही. ॲसिड घालून मेटाबायसल्फाइट टाकलं की ते हिरवं होतं; विषारी सहासंयुजी क्रोम बरंच कमी विषारी असं तीनसंयुजी झालं. मग चुना, आणि गाळ खाली.

सध्या तीनसंयुजी क्रोमचीच छोटी टाकी चालवून बघतोय. छटा जराशी वेगळी येते. नळवाल्यांना ती चालते, हँडलवाले अजून नाक मुरडतात.