कानेकेस: जिथवर सोडतात तिथवर

जकार्तात आमच्या ऑफिसच्या गल्लीत पांढऱ्या कपड्यांतले दोघे अनवाणी मध विकत होते. कुठून आलात, तर म्हणे कानेकेसहून, चालत. कानेकेस म्हणजे जावाच्या पश्चिमेला, बांतेन प्रांतातला बादुई या आदिवासी समाजाचा मुलूख. आतल्या गावांतल्या, नियम कडक पाळणाऱ्या बादुईंना गाडीत बसणंच वर्ज्य. तेव्हापासून तिकडे जायचं डोक्यात बसलं.

तानाह आबांगहून रांगकासबितुंगची लोकल, साधारण दोन तास. पुढे बादुईंच्या वेशीवरच्या चिबोलेगरला ‘एल्फ’ नावाची मिनीबस. आपल्या वडापसारखी, भरली की सुटते. परतीची शेवटची गाडी उतरतानाच विचारून ठेवा आणि पैसे रांगकासबितुंगलाच काढा.

चिबेओ, चिकार्तावाना, चिकेउसिक ही आतली तीन गावं. तिथे परदेशी माणसाला प्रवेश नाही. एका एजंटाने ‘जमवतो’ म्हणून माझ्याकडून जादा पैसे उकळले होते. कादुकेतुगला, म्हणजे वेशीवरच्या पहिल्या बादुई गावात, नोंदवहीत ‘भारत’ लिहिलं आणि तो विषय तिथेच संपला. कावालू या त्यांच्या व्रताच्या तीन महिन्यांत (साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, पण गणित त्यांच्या पंचांगाचं) तर आतली गावं सगळ्याच पाहुण्यांना बंद असतात.

पण बाहेरच्या बादुईंकडेही बघण्यासारखं पुष्कळ आहे. त्यांच्या गाजेबोह गावाच्या वाटेवर पाऊस लागला, लाल चिखल झाला. माझे महागडे बूट दोनदा दगा देऊन गेले. वाटाड्या अनवाणी, काळ्या कपड्यांत, मागे वळून हसत होता. चिबोलेगरला पोरं बांबूच्या काठ्या विकतात, त्यातली एक मुकाट्याने घ्या.

एका घरापाशी वाटाड्याने मला वाकून खाली बघायला लावलं. घर उतारावर, पण जमीन कुठे खणून सपाट केलेली नाही. वरच्या बाजूचे खांब वीतभर, खालच्या बाजूचे कमरेएवढे, प्रत्येकाखाली नदीतला गोटा. “कांग (म्हणजे दादा), जमीन सपाट का नाही केली?” तर म्हणाला, “लोजोर तेउ मेउनांग दिपोतोंग, पोन्दोक तेउ मेउनांग दिसाम्बुंग.” लांब असेल ते कापू नये, आखूड असेल ते जोडू नये. सुंडा विवितान या त्यांच्या धर्माचा हा गाभा, आणि मला तो त्या खांबांपाशी कळला. शेतीही तशीच. नांगर नाही, पाटाचं पाणी नाही, रासायनिक खत नाही; टोकदार काठीने भोक पाडायचं आणि भाताचं बी टाकायचं. भात म्हणजे ‘न्यी पोहाची’ नावाची देवी. राखलेल्या जंगलाला हात लावायचा नाही, आपल्याकडे देवराईतली वाळकी काटकीही उचलत नाहीत तसं. हे ‘निसर्गप्रेम’ वगैरे म्हणायला मी कचरतो. त्यांच्या लेखी ते पूर्वजांनी सोपवलेलं काम आहे.

साबण, शाम्पू नदीत नेऊ नका. फोटो विचारून काढा. रात्री टॉर्च हवाच, आणि पातळ चादरही. बांबूच्या फटींतून गार वारा लागतो.

गावाबाहेर लेउइतांची रांग आहे, म्हणजे भाताची कोठारं. उंदीर चढू नयेत म्हणून खांबांना गोल लाकडी चकत्या. घरी न्यायला किलोभर तांदूळ मागितला तर घरच्या बाईंनी मान हलवली, हुमाचा, म्हणजे डोंगरउतारावरच्या त्या कोरड्या शेतातला, भात विकत नाहीत. मग जेवताना मी मोठ्या भक्तिभावाने ताटातल्या भाताचं कौतुक केलं. तो चिबोलेगरच्या दुकानातल्या तांदळाचा निघाला.