आमची वाटचाल : कापून पाहिलेला फिल्टर

बडोद्यात आमचं गॅरेज कार्ब्युरेटरच्या गाड्यांपासून चालत आलंय. तेव्हा फ्युएल फिल्टर, म्हणजे इंधनातला कचरा गाळणारा भाग, बदलणं हे काम म्हणून कुणी मोजत नसे. मारुती ८०० च्या बॉनेटखाली प्लॅस्टिकची छोटी डबी, दोन्हीकडे रबरी पाइप आणि क्लिपा. जुनी काढायची, बाण इंजिनकडे करून नवी बसवायची, पाच मिनिटांत गाडी बाहेर. डिझेल गाडीच्या पाइपात हवा शिरली तर इंजेक्टरचे, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाचे, नट सैल करून स्टार्टर मारायचा. फेस थांबून सलग डिझेल आलं की नट आवळायचे.

कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारी पद्धत, आल्यावर ही सवय आम्ही सगळ्यात आधी मोडली. त्या रेलमधला दाब १६०० बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) आणि काही इंजिनांत त्याहूनही वर जातो. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून थेट आत घुसते, वरून मात्र सुई टोचल्याएवढीच खूण दिसते. म्हणून आता हवा काढायची ती फिल्टरजवळच्या हातपंपाने, पंप कडक लागेपर्यंत. ज्या गाडीत टाकीतच इलेक्ट्रिक पंप आहे, तिथे इग्निशन चार-पाच वेळा चालू-बंद केलं की काम होतं. इंजेक्टरच्या नटाला हात लावायचा नाही, हे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो.

डिझेलमध्ये खरा शत्रू पाणी. कोयलीची रिफायनरी शहराला लागून आहे, पण पाणी शिरतं ते पुढे, साठवणुकीत आणि गाडीच्या टाकीत. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या वाफेचं पाणी होतं, आणि ते जड असल्याने तळाशी बसतं. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. पाण्याने ते तुटलं की पंप घासतो आणि त्याचा लोखंडी चुरा इंजेक्टरपर्यंत जातो. तिथली भोकं मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी! म्हणून प्रत्येक सर्व्हिसला फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून आधी काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घेतो. दहा मिनिटं बाटली हलवायची नाही. वर पिवळसर डिझेल, खाली पाण्याचा स्वच्छ थर दिसतो. दोन्हींच्या मध्ये काळपट बुळबुळीत साय असेल तर ते टाकीत वाढलेले जंतू. अशा वेळी फक्त फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावीच लागते.

पेट्रोलच्या इंजेक्शन गाड्यांत लाइनचा दाब साधारण ३ ते ४ बार. पाइप काढण्याआधी पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करायची आणि ती आपोआप बंद पडू द्यायची. मग दोन-तीन सेकंद स्टार्टर, टाकीचं झाकण उघडून परत लावणं, आणि शेवटी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं. क्विक कनेक्टरचे, म्हणजे पाइप जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या खटक्याचे, दोन्ही कान दाबल्याशिवाय ओढलं तर प्लॅस्टिक तडकतं. ती तडक त्या दिवशी दिसत नाही, आठवड्याने पेट्रोलचा वास येतो. बऱ्याच नव्या गाड्यांत फिल्टर टाकीत पंपासोबतच असतो. तिथे टाकी पावपेक्षा कमी भरलेली हवी, पंप टाकीत धरून ठेवणारी रिंग तिच्याच पान्याने उघडायची, छिन्नी-हातोडी नको. आणि गॅस्केट दर वेळी नवी. नंतर इग्निशन तीन-चार वेळा देऊन प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून बघतो.

गाडी पिकअप घेत नाही, हायवेला जर्क मारते, म्हणजे फिल्टरच, असं आम्ही धरत नाही. आधी दाब मोजायचा गेज लावतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, दाब ठीक आणि इंजिनावर भार आल्यावर पडत असेल तर फिल्टर, टाकीतली जाळी किंवा थकलेला पंप. गाडी बंद करताच दाब शून्यावर आला तर दोष पंपाच्या वाल्व्हचा, दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरचा किंवा गळक्या इंजेक्टरचा. नवा फिल्टर घालून गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवू नयेत.

याच विचारातून काढलेला प्रत्येक धातूचा फिल्टर कापून बघायला लागलो, आणि आमच्या कामात याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच मशीनने पडला नाही. इंधन पूर्ण निथळल्यावर हाताच्या पाइप कटरने कापायचा. ग्राइंडर कधीच नाही, एक ठिणगी पुरते. कागदाच्या घड्या पांढऱ्या कापडावर उलगडल्या की टाकीची हकीकत कळते. तांबूस पूड म्हणजे टाकीला गंज. चिकट तपकिरी थर म्हणजे जुनं, पडून राहिलेलं पेट्रोल. चमकणारे कण दिसले तर पंप झिजतोय, ताबडतोब लक्ष द्यावं. नकली फिल्टरही इथेच उघडा पडतो: घड्या विरळ, आणि कागद टोकाच्या झाकणाला नीट चिकटवलेलाच नसतो, त्यामुळे कचरा बाजूने सरळ पुढे निघून जातो.

३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्री नदीचा पूर, या दोन्हींनंतरच्या कामांतून एक नियम पक्का झाला. गाडी पाण्यात उभी होती तर इग्निशनसुद्धा देऊ नका. पंप सुरू झाला की टाकीतलं पाणी लाइनमध्ये ढकलतो. टाकी रिकामी करून फिल्टर लगेच बदलायचा, आणि हजार किलोमीटरनंतर नवाही उघडून बघायचा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये हे जास्तच सांभाळावं लागतं: पाणी वाढलं की इथेनॉल त्याच्यासोबत खाली बसतं आणि पंप नेमका तोच थर उचलतो.

सीएनजीवाल्यांना वेगळं सांगणं. आपल्याकडे पेट्रोलचा काटा कायम लाल रेषेवर ठेवून गॅसवर फिरतात. पण बहुतेक गाड्या आधी पेट्रोलवरच चालू होतात, आणि पंप गार राहतो तो पेट्रोलमध्ये बुडून. पाव टाकी ठेवा आणि रोज चार-पाच किलोमीटर पेट्रोलवर चालवा. रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅस इंजेक्टर यांच्यामधला छोटा गॅस फिल्टर वेगळाच असतो; तो बहुतेकांच्या लक्षातच नसतो, म्हणून आम्ही जॉब कार्डावर त्याची वेगळी ओळ छापून घेतली आहे.